वाचकांचे प्रश्न : नव्या टाकीतले पाणी कधीपासून बदलावे?

प्रश्न : मुलीच्या वाढदिवसाला आम्ही २४ × १२ × १५ इंचांची काचेची टाकी आणली. खडी धुऊन घातली, स्पंज फिल्टर आणि एअर पंप लावला, नळाचे पाणी भरले आणि दुसऱ्याच दिवशी दोन गोल्डफिश व चार मॉली सोडल्या. आज आठवा दिवस आहे. पाणी दुधाळ झाले आहे, काल एक मॉली मेली आणि उरलेले मासे सारखे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात. दुकानदार म्हणतात, महिनाभर पाण्याला हात लावू नका, नाहीतर पाण्यातले चांगले जिवाणू निघून जातील. शेजारचे गृहस्थ म्हणतात, दर रविवारी टाकी पूर्ण रिकामी करून खडीसकट घासून काढा. पाणी बदलायला नेमके कधी लागावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आपला प्रश्न हाती येताच आपल्याला कळवले होते, तेच येथे सर्वांसाठी सविस्तर लिहितो. पाणी त्याच दिवशी बदलायला हवे होते, आणि तेही थोडेथोडके नव्हे, निम्मे. दुसऱ्या दिवशी पुन्हा निम्मे. त्या दोन दिवसांत माशांना खाणे मुळीच घालू नये आणि एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवावा. मासे वर येऊन तोंड उघडतात ते भुकेने नव्हे. त्यांचे कल्ले जळजळत असतात आणि हवेशी लागून असलेल्या थरात त्यांना थोडा जास्त ऑक्सिजन मिळतो, म्हणून ते तेथे जमतात. अशा वेळी घरातील मंडळी कळवळून आणखी चिमूटभर खाणे टाकतात आणि त्यानेच दुखणे वाढते.

मासा आपल्या शरीरातला नत्रयुक्त टाकाऊ भाग मुख्यतः अमोनियाच्या रूपाने कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. न खाल्लेले अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. नदीत किंवा तळ्यात तो वाहून जातो, विरून जातो. आपल्या टाकीत तसे होत नाही. बाहेरून माप घेतले तर टाकी ७० लिटरची दिसते, पण खडीचा थर आणि वर सोडलेली रिकामी जागा वजा केली की आत प्रत्यक्षात ५० लिटरच्या आसपासच पाणी असते. म्हणजे घरातल्या तीन मोठ्या बादल्या. तेवढ्या पाण्यात सहा जीव, त्यातले दोन गोल्डफिश, आठ दिवस राहिले.

मुरलेल्या टाकीत हा अमोनिया जिवाणूंचा एक गट खातो आणि त्याचे नायट्राइट करतो, तर दुसरा गट त्या नायट्राइटचे नायट्रेट करतो. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, नायट्रेट मात्र बऱ्याच प्रमाणापर्यंत मासा सोसतो. छंदी लोक ज्याला ‘टँक सायकल होणे’ म्हणतात ते हेच. या दोन्ही गटांची वाढ फार संथ असते. साधे कुजवणारे जिवाणू अनुकूल परिस्थितीत तासाभरातही दुप्पट होतात, तर या मंडळींना दुप्पट व्हायला जवळपास एक दिवस किंवा त्याहून अधिक लागतो. आपल्या टाकीतले पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुधाळ झाले असेल, ते त्या भराभर वाढणाऱ्या कुजवणाऱ्या जिवाणूंमुळे. तो दुधाळपणा काही दिवसांत आपोआप निवळतो. ज्यांची आपल्याला खरी गरज आहे त्या संथ जिवाणूंना पुरेसे वाढायला मात्र चार ते सहा आठवडे लागतात. पाणी २६ ते २८ अंशांवर असेल तर काम लवकर होते आणि पुण्याच्या डिसेंबरात हीटरशिवाय ते लांबते.

आता दुकानदारांच्या सल्ल्याकडे वळू, कारण तो अर्धा खरा आहे आणि त्यामुळेच अधिक घातक आहे. जिवाणूंना जपायला हवे हे खरे, परंतु ते मोकळ्या पाण्यात तरंगत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर, खडीच्या प्रत्येक दाण्यावर, काचेवर, झाडांच्या पानांवर पातळ चिकट थर धरून बसलेले असतात. पाणी काढले म्हणून ते निघून जात नाहीत. पाण्याबरोबर जाते ते विष. मी पहिली टाकी मांडली तेव्हा मलाही हेच सांगण्यात आले होते, आणि ‘टाकी बसू द्या’ या एका वाक्यावर विश्वास ठेवून मी बाराव्या दिवसापर्यंत सहा टेट्रांपैकी पाच कागदात गुंडाळून कुंडीत पुरले. सहावा वाचला तो टाकी ‘बसली’ म्हणून नव्हे; एका अनुभवी स्नेह्याने येऊन माझ्यादेखत निम्मी टाकी उपसली म्हणून.

शिवाय पाणी न बदलल्याने जिवाणूंचेच नुकसान होते, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नत्राचे नायट्रेट करताना हे जिवाणू पाण्यातली सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे आम्ल शमवण्याची पाण्याची ताकद, खर्च करतात. मुंबई-पुण्याकडचे धरणाचे पाणी मुळात मृदू, त्यात ही क्षारता फार नसते. ती संपत आली की पाणी आम्लधर्मी होऊ लागते. पीएच साडेसहाच्या खाली गेला की जिवाणूंचे काम मंदावते आणि सहाच्या आसपास ते जवळजवळ थांबते. म्हणजे ज्या जिवाणूंच्या काळजीपोटी महिनाभर पाणी बदलले नाही, त्यांचीच शिदोरी आपण तोडतो. ताजे पाणी ही क्षारता पुन्हा भरून देते.

शेजारच्या गृहस्थांचा सल्ला याच्या उलट टोकाचा आहे. टाकी पूर्ण रिकामी करून खडी घासली, स्पंज नळाखाली पिळला, की चिकट थर धुऊन निघतो, उरलासुरला नळाच्या क्लोरीनने मरतो आणि दर सोमवारी आपली टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर येते. अशा घरांत मासे ‘टिकतच नाहीत’ अशी तक्रार वर्षानुवर्षे चालू राहते. स्पंज स्वच्छ करायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत तो तीन-चार वेळा हलका दाबावा. बादलीतले पाणी चहासारखे तपकिरी होते, तेवढे पुरे. पहिला महिनाभर तर तेही करू नये. पंपाचे बुडबुडे येईनासे झाले तरच करावे.

तेव्हा नव्या टाकीत पाणी बदलण्याची सुरुवात कॅलेंडर पाहून ठरवता येत नाही, पाणी तपासून ठरवावी लागते. अमोनिया आणि नायट्राइट मोजण्याचे थेंबांचे किट मत्स्यालयाच्या दुकानांत मिळते. माशांच्या किमतीच्या मानाने ते महाग वाटते, तरीही हीटर, दिवा, शोभेचा किल्ला या सगळ्यांच्या आधी मी ते घ्यायला सांगेन. काचेच्या छोट्या नळीत ५ मिलिलिटर पाणी घ्यावे, सांगितलेले थेंब घालावेत, नळी हलवून पाच मिनिटे थांबावे आणि पांढऱ्या कागदासमोर धरून रंग पाहावा. बहुतेक किटांत अमोनिया नसेल तर पिवळा रंग राहतो आणि अमोनिया असेल तसा तो हिरवा होत जातो. मासे टाकीत असताना अमोनिया किंवा नायट्राइट यांपैकी काहीही लिटरला ०.५ मिलिग्रॅमपर्यंत पोचले की त्याच दिवशी पाणी बदलावे. साधारणपणे ही वेळ मासे सोडल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशीच येते. किट हाती नसेल तर मासे सोडल्याच्या तिसऱ्या दिवसापासून रोज ३० ते ५० टक्के पाणी बदलत राहावे. अंदाजाने चूक होणार असेल तर ती जास्त बदलण्याच्या बाजूने होऊ द्यावी.

‘रोज १० टक्के बदलले तर चालणार नाही का’ असे अनेक जण विचारतात. त्याचा हिशोब करून पाहू. समजा माशांमुळे रोज लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम अमोनिया वाढतो आणि तो खाणारे जिवाणू अजून तयार झालेले नाहीत. रोज १० टक्के पाणी बदलले तर अमोनिया चढत चढत ५ मिलिग्रॅमच्या घरात जाऊन स्थिरावेल. रोज निम्मे बदलले तर तो १ मिलिग्रॅमच्या वर कधीच जाणार नाही. श्रम थोडे वाढतात, फरक पाचपट पडतो. एवढे पाणी एकदम बदलल्याने माशांना धक्का बसेल ही भीती जुन्या, वर्षभर दुर्लक्षित राहिलेल्या टाकीबाबत रास्त आहे, कारण तेथले पाणी आणि नळाचे पाणी यांत फार अंतर पडलेले असते. आपल्या आठ दिवसांच्या टाकीत मुळात नळाचेच पाणी आहे. त्यामुळे तापमान जुळवले आणि क्लोरीन काढले की निम्मे पाणी बदलणे निर्धोक असते.

क्लोरीनबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाशी पोचणाऱ्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे लागते, आणि पावसाळ्यात गढूळ पाणी येते तेव्हा ते अधिक घातले जाते. आपल्याला ते सोसते, कल्ल्यांना आणि जिवाणूंना सोसत नाही. रुंद तोंडाच्या बादलीत पाणी २४ तास उघडे ठेवले, त्यात एअर पंपाची नळी सोडली, तर साधे क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटीक्लोरीनचे थेंब वापरावेत किंवा हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, हरभऱ्याच्या डाळीएवढे एक-दोन खडे बादलीत विरघळवावेत. तापमानासाठी हात बुडवून पाहिले तरी चालते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून आलेले पाणी थेट ओतू नये, ते हाताला चटका देण्याइतके तापलेले असते. सकाळी भरून ठेवलेली बादली वापरावी.

साधारण दुसऱ्या आठवड्यापासून अमोनिया उतरू लागेल आणि नायट्राइट चढेल. या टप्प्यावर बहुतेक जण निर्धास्त होतात, आणि नेमके तेथेच मासे जातात. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरून हिमोग्लोबिनला निकामी करते, रक्त तपकिरी होते आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. कल्ल्याची झाकणे उघडतात तेव्हा आतला लाल रंग चॉकलेटी दिसू लागला तर समजावे. पाणी बदलणे चालूच ठेवावे, आणि जोडीला दर १० लिटरला २ ग्रॅम, म्हणजे आपल्या टाकीला सुमारे दोन सपाट चमचे, साधे मीठ विरघळवून घालावे. मिठातले क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. पुढे पाणी बदलताना जेवढे पाणी काढले तेवढ्याच पाण्याच्या हिशोबाने मीठ पुन्हा घालावे.

अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही सलग आठवडाभर शून्य दिसले आणि नायट्रेट दिसू लागले, की टाकी मुरली. त्यानंतर आठवड्यातून एकदा २५ ते ३० टक्के पाणी बदलणे पुरते. तोवर नवे मासे आणू नयेत, मेलेल्या मॉलीच्या जागीही नाही. खाणे एक दिवसाआड, मिनिटभरात संपेल इतकेच घालावे. दुकानातून मिळणारे निळे औषध ‘खबरदारी म्हणून’ टाकू नये, कारण त्यातले मिथिलीन ब्लू आपल्या उपयोगाच्या जिवाणूंनाही मारते. एक अप्रिय गोष्टही सांगणे भाग आहे. दोन गोल्डफिश वाढून वीतभर होतात आणि ५० लिटरची टाकी त्यांना पुरणारी नाही. मोठी टाकी असलेल्या परिचिताकडे त्यांची सोय झाली तर मॉलींचेही भले होईल. लेकीला ते पटवणे अवघड जाईल, पण पाणी उपसताना पाइप तिच्या हातात द्या आणि रंगाची नळी तिलाच वाचू द्या. मुलांना हे आवडते.

प्रश्न : टाकी मांडून तीन आठवडे झाले, फिल्टर चालू आहे, मासे अजून सोडलेले नाहीत. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ आहे. मासे आणण्यापूर्वी पाणी बदलावे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : आपण धीर धरलात याचे मला मनापासून कौतुक वाटते, पण या तीन आठवड्यांत टाकीत काही घातले होते का, हे आपण लिहिलेले नाही. नुसते स्वच्छ पाणी फिरत राहिले असेल तर जिवाणूंना खायला काहीच मिळालेले नाही, आणि टाकी आजही पहिल्याच दिवसावर आहे. पाण्याचा स्वच्छपणा हा पुरावा नव्हे. अमोनियाला रंग नसतो.

मासे न सोडता टाकी मुरवायची असेल तर रोज चिमूटभर माशांचे खाणे टाकून ते कुजू द्यावे, किंवा सुगंध व फेस नसलेले शुद्ध अमोनियाचे द्रावण थेंबाथेंबाने घालून पाणी लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत आणावे. दुसरी रीत नेटकी आहे, मात्र मोजण्याचे किट असल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये. ओळखीच्या कोणाची निरोगी, जुनी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागून आणावा आणि ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. चार-सहा आठवड्यांचे काम त्याने बरेच लवकर उरकते. बाटलीतल्या कोणत्याही जिवाणूंपेक्षा माझा या तुकड्यावर अधिक विश्वास आहे.

या काळात विष सोसायला टाकीत कोणी नसते, म्हणून पाणी बदलण्याची घाई नाही. अपवाद दोन : अमोनिया चुकून ५ मिलिग्रॅमच्या वर गेला, किंवा पीएच साडेसहाच्या खाली घसरला, तर निम्मे पाणी बदलावे. संध्याकाळी घातलेला २ मिलिग्रॅम अमोनिया दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पूर्ण नाहीसा झाला आणि नायट्राइटही शून्य निघाले, की मासे आणायच्या आदल्या दिवशी ७० ते ८० टक्के पाणी एकदम बदलावे. साठलेले नायट्रेट त्याने निघून जाते. यापुढे मात्र टाकी उपाशी ठेवू नये. मासे लांबणीवर पडले तर अमोनिया किंवा चिमूटभर खाणे चालू ठेवावे.

प्रश्न : मी झाडांची टाकी करत आहे. तळाशी खडीऐवजी पोषक माती, म्हणजे ॲक्वा सॉइल, घातली आहे. झाडे असल्यामुळे पाणी बदलण्याची गरज नाही असे ऐकले, ते खरे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : या समजुतीला मोठा इतिहास आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये मांडलेल्या प्रयोगात बारा गॅलनच्या पात्रात दोन गोल्डफिश, वॅलिस्नेरियाची झाडे आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या होत्या, आणि वनस्पती व प्राणी एकमेकांचा तोल सांभाळतात असे दाखवले होते. घरगुती मत्स्यालयाची कल्पना त्यातूनच रुजली. झाडे अमोनिया शोषतात हे खरेच आहे, पण मुळे धरून वाढीला लागल्यावर. आपली झाडे आत्ताच लावलेली आहेत, आणि नवी पोषक माती पहिले काही आठवडे स्वतःच पाण्यात अमोनिया सोडत असते. भरपूर प्रकाश आणि अमोनिया एकत्र आले की झाडांआधी शेवाळ वाढते. म्हणून अशा टाकीत पाणी बदलायला दुसऱ्याच दिवसापासून लागावे : पहिला आठवडा रोज निम्मे, दुसरा आठवडा एक दिवसाआड, तिसऱ्या आठवड्यात दोनदा, पुढे आठवड्यातून एकदा. पाणी ओतताना तळाशी बशी ठेवून तिच्यावर धार धरावी, म्हणजे माती उसळत नाही. मासे शेवटी.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचेच पाणी आहे आणि क्षार इतके की काचेवर पांढरी रेघ धरते. नव्या टाकीत पाणी बदलण्याऐवजी आटलेले तेवढेच भरत गेलो तर?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आटते ते फक्त पाणी, क्षार आणि नायट्रेट मागेच राहतात. दर वेळी बोअरच्या पाण्याची भर घातल्याने ते साठत जातात, तेव्हा भर घालणे म्हणजे पाणी बदलणे नव्हे. जड पाण्याचा पीएचही बहुधा जास्त असतो, आणि तेथे अमोनिया अधिक जहाल होतो. २५ अंशांवर पीएच ७ असताना एकूण अमोनियापैकी दोनशेत एक भागाच्या आसपास विषारी रूपात असतो, तर पीएच ८ ला सुमारे वीसात एक. म्हणून आपण नव्या टाकीत पाणी पुणेकरांपेक्षा अधिक तत्परतेने बदलायला हवे. आधी बोअरच्या पाण्यातले नायट्रेट एकदा तपासून घ्यावे, कारण शेतीच्या भागात विहिरी-बोअरमध्ये ते पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षाही, जास्त निघते. तसे निघाल्यास बोअरचे पाणी आणि घरच्या आरओ यंत्राचे शुद्ध पाणी निम्मे-निम्मे मिसळून वापरावे. निव्वळ आरओचे पाणी घेऊ नये, त्यात माशांना आणि जिवाणूंना लागणारे क्षारच उरत नाहीत. आणि यंत्राच्या दुसऱ्या नळीतून वाहून जाणारे पाणी वाया जाते म्हणून टाकीत भरू नये. त्यात बोअरचे क्षार अधिकच दाट झालेले असतात. गप्पी आणि मॉली आपल्या जड पाण्यात आनंदाने राहतील, सुरुवात त्यांच्यापासूनच करावी.